नॅटली इम्ब्रूलियाचं 'टॉर्न': साडेतीनशेची सेकंडहँड सीडी आणि चौथ्या हातचं गाणं

जुन्या सीड्या ऑनलाइन विकणारा एकजण आहे, त्याच्याकडून मागच्या महिन्यात 'लेफ्ट ऑफ द मिडल' मागवली, नॅटली इम्ब्रूलियाचा पहिला अल्बम, १९९७ चा. साडेतीनशे रुपये अधिक कुरिअरचे साठ. नवरा म्हणाला, अगं फोनवर फुकट आहे की सगळं. आहे ना, माहितीये. पण फोनवर गाणं लावलं की मधेच सोसायटीच्या ग्रुपवर टँकर आला टँकर आला सुरू होतं आणि चार मिनिटांचं गाणंसुद्धा सलग ऐकून होत नाही. आमच्या जुन्या गाडीत सीडी प्लेअर अजून धडधाकट आहे, ऑफिसला जायला पाऊण तास लागतो, म्हटलं तेवढीच चैन.

आधी मालाबद्दल. जाहिरातीत 'मिंट कंडिशन' लिहिलं होतं. पुदिना मिक्सरमधून काढल्यावर जसा दिसतो त्या अर्थाने मिंट असावं, कारण केसचं झाकण एका बाजूने निखळलेलं, आतली बुकलेट ओल लागून फुगलेली, आणि मागे कुठल्यातरी दुकानाचा अर्धवट खरवडलेला स्टिकर. सीडीवर एक बारीक चरा होता तो मला उन्हात धरल्यावर दिसला. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर त्याने हात जोडलेला इमोजी पाठवला. बस, विषय संपला त्याच्या बाजूने. पॅकिंग मात्र चांगलं केलं होतं, खोटं कशाला बोला.

आता गाण्याबद्दल, कारण घेतली तीच मुळी पहिल्या गाण्यासाठी, 'टॉर्न'साठी. बाकीची अकरा गाणी माझ्या दृष्टीने पापडलोणचं.

१९९८ ला मी सांगलीला हॉस्टेलला होते. टीव्हीरूममध्ये एक टीव्ही, त्याला केबल, आणि रात्री जेवणानंतर एम्टीव्ही लावायचा की सिरियल यावरून रोज मारामारी. त्या वर्षी 'टॉर्न' दिवसातून किती वेळा लागायचं याला हिशोबच नव्हता. एक बारीक मुलगी, केस अगदी कापलेले, ढगळी पँट, मोकळ्याशा फ्लॅटमध्ये उभी आणि गातेय. मेकअप आहे की नाही कळत नाही. त्यात त्या मुलाबरोबरचे किसिंगचे सीन, आणि आमच्या रेक्टर मॅडमना बरोब्बर तेव्हाच राउंडला यायची बुद्धी व्हायची, मग रिमोटवर झडप आणि दूरदर्शनवरच्या बातम्या. मॅडम म्हणायच्या, वा, बातम्या बघताय होय. माझ्या रूममेटने तर पार्लरमध्ये जाऊन तसाच बॉयकट करून घेतला, कमरेपर्यंतची वेणी कापून, आणि दिवाळीला घरी गेली तेव्हा तिची आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बोलली ती पण "ताटं घे" एवढंच.

तेव्हा आम्हाला वाटायचं हे तिचंच गाणं, तिनेच लिहिलेलं, तिच्याच बाबतीत घडलेलं. तसं गायलंयच तिने. खूप वर्षांनी इंटरनेट आल्यावर कळलं की बाई मूळची सिरियलमधली. ऑस्ट्रेलियात 'नेबर्स' नावाची सिरियल होती, १९८५ ला सुरू झालेली, आपल्याकडच्या कुठल्याही न संपणाऱ्या डेलीसोपची आजी म्हणा. त्यात ही १९९२ पासून दोनेक वर्षं बेथ नावाची मुलगी करायची. ती सिरियल इंग्लंडमध्ये बीबीसीवर दिवसातून दोनदा लागायची, त्यामुळे तिकडच्या घराघरात हिचं तोंड ओळखीचं. सिरियल सोडली, १९९४ ला लंडनला गेली, आणि मग बराच काळ हाताला धड काम नाही. आपल्याकडे पण बघतोच की आपण, सिरियलमधली सून घराघरात पोचते आणि सिरियल बंद झाली की वर्षभरात लोक विचारतात ती हल्ली काय करते गं.

आणि दुसरी गोष्ट कळली ती म्हणजे गाणं तिचं नव्हतंच. कव्हर होतं, म्हणजे आधी दुसऱ्याने गायलेलं गाणं परत गायलेलं. आणि ते पण पहिलं कव्हर नाही! लिहिलं तिघांनी, अ‍ॅन प्रेव्हन, स्कॉट कटलर आणि फिल थॉर्नली. सगळ्यात आधी रेकॉर्ड झालं ते चक्क डॅनिशमध्ये, १९९३ ला, लिस सोरेनसन नावाच्या गायिकेने, नाव 'ब्रेंट', म्हणजे भाजलेली, पोळलेली. मग १९९५ ला प्रेव्हन आणि कटलरच्या स्वतःच्या बँडने, एडनास्वॅपने, इंग्रजीत केलं. १९९६ ला नॉर्वेच्या त्रिने राइनने केलं. आणि १९९७ च्या ऑक्टोबरात आमच्या या बाईचं आलं. म्हणजे डॅनिशमध्ये भाजली, इंग्रजीत फाटली, आणि नॅटलीपर्यंत येईस्तोवर चौथा हात.

यावरून लोक तिला किती बोलले! इंग्लंडमध्ये जेव्हा बाहेर आलं की हे कव्हर आहे तेव्हा असा सूर लागला की पोरीने फसवलं. आजही कुठे व्हिडिओखाली बघा, कोणीतरी ज्ञानी येऊन लिहितोच, "ओरिजिनल एडनास्वॅपचं आहे, ही चोर." मला हे वाचून खरंच हसू येतं. आपल्याकडे एकच बंदिश शंभर वर्षं गातात, ग्वाल्हेरवाला वेगळी गातो, किराणावाला वेगळी, कोणी उठून विचारतं का की बुवा ही तुम्ही लिहिली का? भावगीताचं तर विचारूच नका, कविता एकाची, चाल दुसऱ्याची, आवाज तिसरीचा, रेडिओवर तिन्ही नावं इमानदारीत सांगतात आणि घरी आपण म्हणतो आशाबाईंचं गाणं लाव. आणि इथे तर चोरी म्हणायलाही जागा नाही, कारण लिहिणाऱ्या तिघांपैकी फिल थॉर्नली यानेच हे गाणं नॅटलीकडून गाऊन घेतलं, निर्माताही तोच. घरच्याच माणसाने घरची वस्तू दिली, त्याला चोरी म्हणतात होय? हा थॉर्नली कोण, तर एकेकाळी 'द क्युअर' बँडमध्ये बास वाजवायचा. आणि मिक्सिंग केलं नायजेल गॉडरिचने, ज्याने त्याच वर्षी रेडिओहेड बँडचा 'ओके कॉम्प्युटर' हा अल्बम केला. म्हणजे सिरियलमधली पोरगी म्हणून कोणीतरी दोन दिवसांत उरकून टाकलेला माल नव्हता.

तरी म्हटलं आपण न ऐकता भांडण नको. एका रविवारी दुपारी, घरातले सगळे झोपलेले, हेडफोन लावून चारही एकामागून एक ऐकली.

डॅनिश कळत नाही, पण चाल तीच. सोरेनसनबाईंचा आवाज पिकलेला, भारदस्त, एखाद्या मोठ्या बहिणीने समजावून सांगावं तसा. छान आहे, पण दुःख जुनं झालंय असं वाटतं. एडनास्वॅपचं एकदम वेगळं, गिटार खरखरीत, संथ, आणि प्रेव्हन शेवटाकडे अक्षरशः ओरडते. ज्यांना नव्वदीचं ते मळकं गिटार रॉक आवडतं त्यांना हेच खरं वाटणार, आणि त्यांचं अगदीच चुकतंय असं मी म्हणणार नाही, कारण शब्द तिचेच आहेत आणि रागही तिचा. पण दोनदा ऐकल्यावर मी दमले. त्रिने राइनचं सुबक आहे, गळा मोठा, सगळं जागच्या जागी, आणि म्हणूनच माझ्या डोक्यात काही राहिलं नाही.

मग नॅटली. आधी गिटारचा तो साधा ठेका, एफ मेजरमध्ये, गिटार शिकणाऱ्या प्रत्येक पोराने कधीतरी वाजवलेला, खाली ड्रमचा लूप, आणि ती सुरू करते ते जवळजवळ बोलल्यासारखं. पहिल्या कडव्यात ती गातच नाहीये खरं म्हणजे, सांगतेय. असा असा माणूस भेटला, वाटलं हाच तो, आणि तो तसा नव्हताच. तक्रारीचा सूर नाही. रात्री दोनला मैत्रीण उशाशी येऊन बसते आणि भिंतीकडे बघत बोलते ना, तसं. ओळीच्या शेवटी श्वास संपत आलेला ऐकू येतो आणि तो कोणी पुसून टाकलेला नाही. ध्रुवपदाला आवाज चढतो, पण चढतो किती, तर शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतपत. ओरडत नाही. उघडी पडलेय, गारठलेय, जमिनीवर पडलेय असे शब्द आहेत आणि ती ते आकांताने न म्हणता, आता हे असं आहे बाई, काय करू, अशा सुरात म्हणते. मला तरी वाटतं की इथे तिची सिरियल कामाला आली. बाकीच्या तिघी स्टेजच्या गायिका, त्या शेवटच्या रांगेपर्यंत दुःख पोचवतात. हिला दोन वर्षं रोज कॅमेरा नाकासमोर हातभर अंतरावर ठेवून काम करायची सवय, तिथे भुवई जरा जास्त उचलली तरी खोटं दिसतं. तेच तिने गळ्याने केलं, क्लोजअपमध्ये गायली. लोक म्हणतात नटी असूनही बरी गायली, मी म्हणते नटी होती म्हणून.

गळा फार मोठा नाही तिचा, हे पण सांगायला पाहिजे. रेंज बेताची. आपल्याकडच्या रिअ‍ॅलिटी शोच्या परीक्षकांसमोर उभी केली असती तर "बेटा, रियाज वाढव" ऐकून परत गेली असती.

गाण्याच्या शेवटी ती थांबते आणि स्लाइड गिटार सुरू होतं, ते मला गाण्याइतकंच आवडतं. हॉस्टेलमध्ये आम्हाला वाटायचं व्हायोलिन आहे. आमच्याकडे लहानपणी हवाईयन गिटारवर जुनी हिंदी गाणी वाजवलेल्या कॅसेट असायच्या, पाहुणे आले की बाबा लावायचे, अगदी तसा तो ओढलेला सूर, मींड घेत घेत खाली येणारा. तिला जे ओरडून म्हणायचं होतं आणि म्हटलं नाही ते गिटार म्हणतं. आणि माझं नशीब बघा, सीडीवरचा तो चरा बरोब्बर इथे! पहिल्याच दिवशी सिंहगड रोडला सिग्नलला थांबले होते, बाई गाऊन झाली, गिटारने सूर ओढला आणि तिथेच टक्, टक्, टक्, टक्. शेजारचा रिक्षावाला बघायला लागला.

व्हिडिओबद्दल थोडं, कारण तो नसता तर गाणं आमच्या टीव्हीरूमपर्यंत पोचलंच नसतं. अ‍ॅलिसन मॅक्लीन नावाच्या दिग्दर्शिकेने केलाय. कॅमेरा जवळजवळ एका जागी ठाण मांडून. फ्लॅट, ती, तो मुलगा, प्रेमाचे सीन, आणि मधेमधे सीन तोडून क्रूमधली माणसं आत येतात, काहीतरी समजावतात, केस नीट करतात, परत टेक. म्हणजे प्रेम पण शूटिंग आणि भांडण पण शूटिंग. शेवटी भिंतीच काढून न्यायला लागतात, तेव्हा कळतं की सेट आहे, आणि ती त्या मोडत्या सेटवर एकटीच वेडंवाकडं नाचते. सिरियल सोडून आलेल्या मुलीला घेऊन असा व्हिडिओ करणं, मला तेव्हा यातलं काही कळलं नव्हतं, आता बघताना पोटात गोळा येतो. तेव्हा आमचं लक्ष त्या मुलाकडे होतं.

आता नंबराची गंमत. इंग्लंडमध्ये हे दोन नंबरपर्यंत गेलं, एकवर काही गेलं नाही, कारण एकवर 'बार्बी गर्ल' बसलेलं. अ‍ॅक्वाचं. अ‍ॅक्वा कुठला बँड, तर डेन्मार्कचा! मूळ गाणं डॅनिशमध्ये आधी गायलं गेलं होतं, डेन्मार्कने हिशोब चुकता केला म्हणायचा. तरी दहा लाखांच्या वर खपलं तिकडे. ऑस्ट्रेलियात, स्वतःच्या माहेरी, तिथेही दोन नंबर. अमेरिकेत तर कहरच. तिथे १९९८ मध्ये रेडिओवर सगळ्यात जास्त वाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत ११ आठवडे पहिलं, पण बिलबोर्ड या तिथल्या संगीताच्या नियतकालिकाच्या मुख्य हॉट हंड्रेड यादीत पत्ताच नाही, कारण दुकानात विकायला सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून, काढलंच नव्हतं आणि तेव्हाच्या नियमाने त्याशिवाय यादीत घेत नसत. वर्गात पहिली यायची आणि बोर्डाचा फॉर्मच भरलेला नाही अशी गत. डिसेंबर १९९८ ला नियम बदलला तेव्हा गाण्याचा भर ओसरलेला, ४२ व्या नंबरपर्यंत आलं. १९९९ च्या ग्रॅमीला तीन नामांकनं पण मिळाली होती, नवीन कलाकार, गायिका आणि अल्बम म्हणून, पण समोर एकीकडे लॉरिन हिल आणि दुसरीकडे सेलीन डिऑन टायटॅनिक घेऊन, म्हणजे जहाजाखालीच आली बिचारी.

आणि एक माझ्या लक्षात आलेली गोष्ट, 'नेबर्स'मधल्या मुलींना गाण्यात शिरायला कव्हरचाच दरवाजा का लागतो कोण जाणे. कायली मिनोगने १९८७ ला सुरुवात केली ती साठच्या दशकातल्या लिटल एव्हाच्या 'लोको-मोशन'ने. २००२ ला हॉली व्हॅलन्स आली ती तुर्कस्तानच्या तारकानचं 'शिमारिक' इंग्रजीत 'किस किस' करून, आणि इंग्लंडमध्ये एक नंबर. इंग्लंडच्या 'ईस्टएंडर्स' सिरियलमधली मार्टिन मॅककचन १९९९ ला 'परफेक्ट मोमेंट' घेऊन एक नंबरला गेली, ते आधी पोलंडच्या एडिटा गुर्न्याकने गायलेलं. मला वाटतं कंपन्यांचं गणित सोपं असणार, चेहरा ओळखीचा आहेच, गाणं पण कुठेतरी तपासून झालेलं असलं की जोखीम कमी. पण बाकीच्यांची गाणी ऐकताना ते गणित दिसतं. 'टॉर्न' ऐकताना मला तरी दिसत नाही. आणि गंमत म्हणजे हिने २०१५ ला 'मेल' नावाचा अख्खा अल्बम काढला तो सगळा पुरुषांच्या गाण्यांच्या कव्हरचा. इतकं ऐकून घेतल्यावर म्हणाली असेल, बोला आता काय बोलायचंय ते.

अल्बममधली बाकीची गाणी थोडक्यात. 'बिग मिस्टेक' जोरकस आहे, थोडं त्या काळच्या रॉक गायिका अ‍ॅलानिस मॉरिसेटचा डबा उघडून खाल्ल्यासारखं, पण गाडीत बरं वाटतं. 'विशिंग आय वॉज देअर' हलकंफुलकं. 'स्मोक' मात्र सावकाश ऐका, हे यातलं दुसरं रत्न, वडिलांबद्दलचं, आणि इथे पण ती तशीच हळू आवाजात गाते. 'लीव्ह मी अलोन' वगैरे ठीक. 'पिजन्स अँड क्रम्ब्स'चं नाव जेवढं गोड तेवढं गाणं नाही. 'सिटी' मला पाऊस असताना आवडलं, ऊन असताना नाही आवडलं, त्यामुळे मत राखून ठेवते. 'इम्प्रेस्ड' प्रत्येक वेळी पुढे ढकलते. 'टॉर्न' ऐकून ज्या अपेक्षा तयार होतात त्या पुऱ्या करणारा अल्बम हा नाही, आणि तिला आयुष्यभर तेच ऐकायला लागलं असणार.

स्टार द्यायचेच असतील तर गाण्याला पाच, अल्बमला साडेतीन, विकणाऱ्याला दोन, ते पण पॅकिंगसाठी. तुम्हाला फक्त गाणं ऐकायचं असेल तर फोनवरच ऐका, पैसे घालवू नका, मात्र टँकरवाला ग्रुप म्यूट करा.

मागच्या शनिवारी लेकीला क्लासला सोडत होते, नववीत आहे. सीडी लावली. दोन ओळी झाल्या असतील नसतील, म्हणते, "आई, हे तर वन डिरेक्शनचं आहे! हिने कव्हर केलंय?" मी गाडी बाजूला घ्यायच्या बेतात होते. पण तिचं पण बरोबरच होतं एका अर्थी, २०१० ला इंग्लंडच्या एक्स फॅक्टर या गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये त्या पाच पोरांना एकत्र बांधलं तेव्हा परीक्षकासमोर त्यांनी मिळून पहिलं गायलं ते हेच. म्हणजे आता पाचवा हात. तिला मी सगळं पुराण सांगितलं, डेन्मार्क, नॉर्वे, बॉयकट, रेक्टर मॅडम, सगळं. ती म्हणाली, "बरं, पण ते टक् टक् पण गाण्यातच आहे का?"

संध्याकाळी बसले मग. पांढरी टूथपेस्ट, जेलवाली नाही, बोटावर मुगाएवढी घेऊन, मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल फिरवायचं नाही, हे हॉस्टेलचं ज्ञान. धुतली, पंच्याने टिपली, परत लावली. गिटार आता शेवटपर्यंत वाजतं. 'इम्प्रेस्ड' अडकायला लागलंय, पण ते मी तसंही पुढे ढकलत होते.